'फर्मी'ला दुर्बीण म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की नासाच्या फर्मी उपग्रहात ना भिंग ना आरसा, मग मराठीत लिहिताना त्याला गॅमा किरण दुर्बीण कसं म्हणायचं, 'गॅमा संवेदक' जास्त बरोबर नाही का?

माझं मत विचाराल तर बिनधास्त दुर्बीण म्हणा. शब्द फारसीतला, दूर अधिक बीन म्हणजे पाहणारा, त्यात काचेचा उल्लेखच नाही. आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आहेत त्यांना आपण रेडिओ दुर्बीण म्हणतोच की, तिथे कोण डोळा लावून बसतंय?

'संवेदक' मला पटत नाही कारण तो आतला एक भाग झाला. गॅमा किरणांची ऊर्जा एवढी जबरदस्त असते की साधा आरसा त्यांना परतवूच शकत नाही, म्हणून फर्मीच्या मुख्य उपकरणात टंगस्टनचे पातळ पत्रे थरावर थर लावलेत आणि मधेमधे सिलिकॉनच्या पट्ट्या. फोटॉन, म्हणजे गॅमा किरणांचा एक कण, पत्र्यात शिरला की तो संपतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन अशी जोडी निघते, ही जोडी पट्ट्यांमधून जाताना माग सोडते, त्या मागावरून फोटॉन आकाशात कुठून आला ते काढतात आणि तळाच्या सिझियम आयोडाइडच्या स्फटिकांत ऊर्जा मोजतात. तर पट्टी हा संवेदक, हे सगळं मिळून दुर्बीण.

म्हणूनच 'फर्मी फोटो काढते' असं लिहू नका, 'टिपते' लिहा. खरंच एकेक फोटॉन टिपून साठवत जायचं आणि मग त्यातून नकाशा तयार होतो, पल्सार म्हणजे गरगर फिरत ठरावीक अंतराने किरण फेकणारे मृत तारे, कृष्णविवरांजवळून निघणारे झोत वगैरे सगळं त्यात दिसतं.

'वेधशाळा' चालेल का, तर चालेल, वेध घेणे हे क्रियापद तर इथे फारच चपखल बसतं. पण मूळ नाव बघून ठरवा. १९९१ ला सोडलेल्या कॉम्प्टन या नासाच्या आधीच्या गॅमा किरण उपग्रहाच्या नावातच वेधशाळा आहे, तिच्यावर चार उपकरणं होती. २००८ च्या फर्मीवर दोन आहेत पण नावात टेलिस्कोप, मग तिला दुर्बीणच.

आणि हो, दुर्बीण दीर्घ पण दुर्बिणीतून ऱ्हस्व. किरण मुळात पुल्लिंगी, तो किरण, अनेकवचन ते किरण, हल्ली 'किरणे' सर्रास दिसतं, लिहायचं तर लिहा पण एकाच लेखात दोन्ही नको.