मालवणात पहिल्यांदाच घरगुती मुक्काम करताय?

दोन-तीन दिवसांसाठी हॉटेल सोडून कुणाच्या घरी खोली घेताय, हे बरं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

जेवण आधी सांगा. नवखी मंडळी चुकतात ती इथेच. काकू सकाळी बाजारात निघतात तेव्हा माणसं किती, मासे खाणारे किती, हे त्यांना कळलेलं हवं. मी पहिल्या खेपेला रात्री नऊला पोचून थेट सुरमईचं ताट मागितलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत. कुळथाची पिठी, गरम भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा पुढ्यात आला. (सुरमई नंतर खूप खाल्ली, लक्षात राहिला तो बांगडा.) १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद.

फोनवरच विचारून घ्या:
- भाडं खोलीचं की माणशी? एसीचे वेगळे का?
- संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे ना?
- कुडाळ स्टेशनवर रिक्षा पाठवाल का? तिथून मालवण तीसेक किलोमीटर, आणि रात्री एसटीच्या भरवशावर राहू नका.

गणपतीत मात्र खोली मागूच नका. घर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आणि भिडेखातर तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही.