पटकथाकारांचे प्रश्न: तुरुंगपटातली माणसं

प्रश्न: थरारपटात मुंबईच्या तुरुंगातली चाळीस कैद्यांची बराक आहे. निर्माता म्हणतो, प्रत्येक जातिधर्माचा एकेक टाक. तेवढं पुरे?

उत्तर: तसं केलंत तर सर्वधर्मसमभावाचं सरकारी पोस्टर होईल. आधी कच्चे (खटला अजून चालू असलेले) किती आणि पक्के (शिक्षा झालेले) किती ते ठरवा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022च्या आकडेवारीत देशभरातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे कच्चे होते. म्हणजे तुमच्या चाळिसातल्या तीसेक जणांवर गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, आणि त्यांच्या अंगावर घरचेच कपडे असतात. सगळ्यांना गणवेश चढवलात की जाणकार तिथेच हसतो. मग प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने भरा: कलम, किती महिने आत, वकील खाजगी की सरकारी मदतीतला, जामीनदार आहे का. जात आणि गरिबी या चौथ्या रकान्यात दिसते. जामीन मंजूर झालाय, पण हमीला उभं राहणारं कुणी नाही म्हणून आत पडलेला माणूस एकही भाषण न करता सगळं सांगतो.

प्रश्न: नायक पारधी आहे. तो सराईत चोर दाखवला तर आक्षेप येईल का?

उत्तर: येईल, आणि रास्त असेल. शिवाय हातातला थरारही जाईल. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952ला तो रद्द झाला, पण संशय उरला. अशा जमातींना जिथे कोंडून ठेवायचे, त्या वसाहतीवरून सोलापुरातल्या एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. हा संशयच कथानकात वापरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम 479 पाहा. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. (फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही.) साध्या चोरीला कमाल 3 वर्षं, म्हणजे नायकाचं 1 वर्ष. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा असतो. पण दुसरी केस प्रलंबित असेल, तर या कलमाचा लाभ मिळत नाही. अकरा महिने भरलेत आणि दुसऱ्या ठाण्याचे पोलीस प्रॉडक्शन वॉरंट (कैद्याला कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) घेऊन दारात उभे आहेत, कुठल्या तरी जुन्या घरफोडीत ताबा मागायला. त्यांनी हाच माणूस का निवडला, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. मात्र काळ सांभाळा: ही संहिता 1 जुलै 2024पासून लागू आहे.

प्रश्न: झाडू मारणारा दलित कैदी दाखवणं वास्तव की अपमान?

उत्तर: कथा कधी घडते त्यावर आहे. 3 ऑक्टोबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जातीनुसार कामवाटप करणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरले आणि बंद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला गेला. कथा त्याआधीची असेल तर झाडूचा क्लोजअप नको, रजिस्टरचा घ्या: कारकुनाचं बोट जातीच्या रकान्यावर थांबतं, मग काम लिहिलं जातं. नंतरची असेल तर अधिकारी तेच काम तोंडी देतो, कागद कोराच राहतो. खलनायकी म्हणून हे जास्त टोचतं. आणखी एक, सक्तमजुरी पक्क्याला असते, कच्च्याला नाही. म्हणून सफाईवाला पक्का कैदीच ठेवा. कामानिमित्त तो इतरांपेक्षा जास्त हिंडतो, कट त्याच्या कानावर आधी पडतो. अशा पात्राला मुका ठेवणं ही पटकथेचीच चूक.

प्रश्न: तृतीयपंथी कैदी कुठे ठेवायचा?

उत्तर: पुरुषांच्या बराकीत विनोदाला तर नकोच. केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022मध्ये राज्यांना सूचना दिल्या: स्वतंत्र कक्ष द्या, पण त्याचा एकांतवास होऊ देऊ नका. तुमचा प्रसंग या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

प्रश्न: बोलीचं काय?

उत्तर: गुंडाला वऱ्हाडी आणि अधीक्षकाला पुणेरी, ही वाटणी आधी मोडा. बराकीत बंबय्या हिंदी चालते. मातृभाषा मुलाखतीच्या काचेपलीकडे घरचं माणूस दिसलं की येते. लिहून झालं की प्रत्येक पात्राची वाक्यं मोजा. ज्याच्या वाट्याला फक्त ‘साहेब, माफ करा’ आलंय, त्याला एक नकार द्या.