बी.कॉम.च्या मुलाला धरणाचं काय करायचंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सोलापुरात बी.कॉम.ला आहे, त्याला दुसऱ्या विद्याशाखेचे, पर्यावरणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे विषय सक्तीने घ्यावे लागतात. त्याला त्यात रस नाही. विद्यापीठाने हे सामान्य विषय कमी करावेत की निदान बदलावेत?

तुम्ही पुढे लिहिलंय, ‘कॉमर्सच्या मुलांना याचा उपयोग काय?’ हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुखांच्या तोंडून ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

मी भूगोलाची. २०१२-१३ साली सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, होते. सीएचबीवाल्यांच्या वाट्याला काय येतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे: जे कुणालाच नको ते. मला बी.कॉम. द्वितीय वर्षाचा पर्यावरण अभ्यास दिला. हा विषय कुणाच्या लहरीने आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला आणि त्यातून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. शंभरातले २५ गुण प्रत्यक्ष बाहेर जाऊन केलेल्या कामाला होते.

त्या पंचवीस गुणांचं काय होतं ते पहिल्याच वर्षी दिसलं. पटावर एकशे वीस मुलं, वर्गात वीस-बावीस. प्रकल्प मात्र सगळ्यांचे वेळेवर. तपासायला बसले तर एकतीस प्रकल्प ‘सिद्धेश्वर तलावाचे प्रदूषण’ याच नावाचे, आणि एकतीसही ठिकाणी ‘जलपर्णी’ चुकीचं लिहिलेलं, तेही एकाच पद्धतीने. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत होते. तलाव कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण एकानेही जाऊन बघितलेला नव्हता.

मी सगळे परत केले. विभागप्रमुख म्हणाले, ‘मॅडम, मार्क टाका आणि मोकळ्या व्हा. या विषयात कुणी नापास होत नसतं.’ मी टाकले नाहीत.

तो दुष्काळाचा हंगाम होता. रोज पेपरात ‘उजनी वजा इतके टक्के’ असं यायचं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, धरण मायनसमध्ये जातंय म्हणजे कसं ओ?’ वर्षभरात त्या वर्गाने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी फळ्यावर लिहिलं: उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी न वापरायचा, सुमारे ६३. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५४ची. तो संपला की शून्य, आणि त्याखालचं उपसायला लागलो की वजा. तोच मुलगा म्हणाला, ‘म्हणजे नफा संपला, आता भांडवल खाऊन चाललंय.’ भूगोलाच्या एम.ए.च्या वर्गातसुद्धा मी मृतसाठा इतका नेमका सांगितलेला ऐकला नव्हता.

त्या दिवशी मी प्रकल्प बदलला. म्हटलं, तुम्हाला कीर्द-खतावणी येते ना? मग घरच्या पाण्याची लिहा. महिनाभर. पाणी कधी आलं, किती वेळ आलं, किती घागरी भरल्या, कुणी भरल्या, टँकर घेतला तर किती पैसे गेले. आणि आपल्या नळाचं पाणी कुठल्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं ते शोधा: पाकणीहून, सोरेगावहून की भवानी पेठेतून. पाकणीला उजनीचं पाणी पाइपातून येतं, भवानी पेठेत हिप्परगा तलावाचं, आणि सोरेगावला टाकळीचं, म्हणजे उजनीतून भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवलेलं. नदीतून आणायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर वाळूतून वाहत आणायचं. वाटेत जिरतं किती, उपसा किती, पोचतं किती, हा हिशेबाचाच प्रश्न आहे आणि तो कॉमर्सच्या मुलांनी विचारायलाच हवा.

एकशे वीसपैकी सत्तरेक वह्या आल्या. बऱ्याच साध्या होत्या. एक वही मात्र अजून माझ्या कपाटात आहे. मुलगी अशोक चौकाच्या बाजूची, घरात तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. आई विड्या वळायची. त्यांच्याकडे पाणी चार दिवसांआड, तेही पहाटे किंवा अवेळी. मुलीने जमेच्या बाजूला घागरी लिहिल्या होत्या आणि नावे बाजूला विड्या. पाण्याच्या दिवशी आईच्या साडेतीनशे-चारशे विड्या कमी व्हायच्या, कारण अर्धा दिवस नळापाशी जायचा. शिवाय तेंदूची पानं कापायच्या आधी भिजवावी लागतात, त्याला वेगळं पाणी. त्या वेळच्या मजुरीने तिने महिन्याचं नुकसान काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘पाणीपट्टी वेगळी.’

पाण्याचा खर्च बिलात दिसत नाही, तो बाईच्या मजुरीतून वळता होतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. बी.कॉम. द्वितीय वर्षाच्या मुलीने शिकवलं. आणि तिला ते लिहिता आलं कारण तिला खतावणी येत होती. शाखा अशी उपयोगी पडते. मी ती वही विभागप्रमुखांना दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, ‘छान आहे, पण हे सिलॅबसमध्ये कुठे बसतं?’ पुढच्या वर्षी तो विषय दुसऱ्यांना दिला, आणि झेरॉक्सचे प्रकल्प पुन्हा सुरू झाले.

आता तुमचा प्रश्न. विद्यापीठ हे विषय काढून टाकू शकत नाही. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, सांगाडा ठरवून दिलाय. ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तुमच्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यायची, भारतीय ज्ञानप्रणालीला २ श्रेयांक, मूल्यशिक्षणाला ४. पण त्या सांगाड्यात काय भरायचं हे बरंचसं अभ्यास मंडळाच्या आणि कॉलेजच्या हातात आहे, आणि घाण तिथे होते. बऱ्याच ठिकाणी ओईची यादी मुलांकडे बघून होत नाही, कुठल्या शिक्षकाचा वर्कलोड कमी पडतोय ते बघून होते. आठवड्याचे सोळा तास भरायचेत ना, मग काढा एक ओई. मग दोन श्रेयांक, तीस तास, त्यातले सुट्ट्यांत गेलेले वजा, शेवटी पर्यायी प्रश्नांची परीक्षा. तुमच्या मुलाला कंटाळा येतो यात त्याची चूक नाही.

माझ्या मते हे विषय कमी तुकड्यांत द्यावेत. दर सत्राला दोन श्रेयांकांचा चुरा देण्यापेक्षा वर्षभर एकच, दमदार. शिकवायला विभागातला सगळ्यात अनुभवी माणूस द्यावा, नुकताच लागलेला सीएचबीवाला नको. आणि आपलं विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी झालंय, त्याचा फायदा घ्यावा. उजनी आहे, यंत्रमाग आहेत, विडी आहे. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. १९३०चा मार्शल लॉ याच गावात लागला आणि १२ जानेवारी १९३१ला चार हुतात्मे फासावर गेले. पुतळ्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना त्या चौघांची नावं विचारून बघा. यातला कुठलाही विषय तीस तासांत संपणारा नाही आणि कुठल्याही शाखेला परका नाही.

‘हे सिलॅबसमध्ये कुठे बसतं’ असं विचारणाऱ्या सरांना माझं उत्तर: सर, त्या पंचवीस गुणांत बसत होतं. तेव्हाही बसत होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. त्या सत्तरेक वह्या तपासायला मला उन्हाळ्याची अर्धी सुट्टी लागली आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत, त्यामुळे हे प्रत्येक शिक्षकाने करावं असं म्हणणं सोपं नाही. तालुक्याच्या लहान कॉलेजात निवड वगैरे काही नसते, एकच ओई चालते, ती घ्यावीच लागते. आणि सीएच्या परीक्षेच्या मागे असलेल्या मुलाचा वेळ खरंच तोकडा असतो, त्याची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही.

तुमच्या मुलाला एवढंच सांगा, पुढच्या सत्राची ओई भरताना विषयाचं नाव नंतर बघ, आधी कोण शिकवणार आहे ते सीनियर मुलांना विचार. आणि फॉर्म भरायच्या आत विचार, नंतर बदलून घ्यायला फार हेलपाटे पडतात.