इंडेक्स सुचवला की लावला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. डेटाबेसला कुठला इंडेक्स लावावा हे सांगणाऱ्या एका साधनाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे तपासायला आली आहे. साधन वापरणार एआय एजंट, म्हणजे नेमून दिलेलं काम आपलं आपण करणारे एआय प्रोग्राम, आणि पुस्तिका वाचणारेही तेच. मराठी मसुद्यात साधनाच्या उत्तराला ‘निर्देशांक सूचना’ म्हटलंय. हे बरोबर आहे का?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकलेत, पण दोन्ही चुका सारख्या नाहीत.

‘निर्देशांक’ची चूक निरुपद्रवी आहे. त्यात ‘अंक’ आहे, म्हणून महागाईचा किंवा शेअर बाजाराचा निर्देशांक म्हणतात. तो आकडा असतो. डेटाबेसचा इंडेक्स म्हणजे आकडा नव्हे. ‘अनुक्रमणिका’ही नको, ती पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकरणांच्या क्रमाने येते. जवळचा शब्द ‘सूची’. करवीर नगर वाचन मंदिरात (स्थापना 1850) जाऊन एखादा जाडजूड चरित्रग्रंथ मागच्या बाजूने उघडा. नावं अकारविल्हे लावलेली आणि पुढे पानांचे आकडे. पोस्टग्रेस या डेटाबेसचा नेहमीचा, ‘बी-ट्री’ नावाचा इंडेक्स हेच करतो: रकान्यातल्या किमती क्रमाने लावतो आणि ओळ कुठे आहे ते सांगतो. सूची नसेल तर सबंध पुस्तक चाळा. मात्र प्रत्येक नव्या ओळीबरोबर सूचीही दुरुस्त करावी लागते, म्हणजे लिहिणं मंदावतं. पुस्तिकेत फक्त वेग वाढल्याचं असेल आणि या खर्चाचं काहीच नसेल, तर ती अर्धीच आहे.

तरी मी ‘इंडेक्स’च ठेवीन. आपल्याकडे कुणी ‘सूची निर्माण कर’ म्हणत नाही. ‘त्या टेबलाला इंडेक्स लाव की लगा’ असंच म्हणतात. मलम लावावं तसा इंडेक्स लावायचा. हे क्रियापद कुठल्या समितीने दिलेलं नाही, आपोआप रुळलंय, आणि मला ते फार आवडतं.

खरी गोम ‘सूचना’त आहे. सूची, सूचना, सूचक, सुचवणं हे एकाच घरातले शब्द, म्हणून ‘सूचना’ इथे शोभूनही दिसते. पण मराठीत ती दुतोंडी आहे. ‘आपल्या काही सूचना असल्यास कळवा’ इथे ती सल्ला असते. देवळाच्या दारात ‘सूचना : चप्पल बाहेर काढावी’ लिहिलं की तोच शब्द हुकूम होतो. माणूस जागा बघून ओळखतो. एजंटापुढे जागा नसते, नुसता मजकूर असतो. त्यात मालकाने त्याला जे काम नेमून दिलं, त्यालाही आपण ‘सूचना’च म्हणतो. म्हणजे मालकाचा आदेश आणि साधनाचा सल्ला एकाच नावाने त्याच्यापुढे येणार! सल्ल्याला आदेश समजून त्याने चालू डेटाबेसवर इंडेक्स बांधायला घेतला, तर साध्या पद्धतीत तो बांधून होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं अडून राहतं.

म्हणून ‘शिफारस’ म्हणा. फारसीतून आलेल्या या शब्दाला वशिल्याचा वास आहे खरा, पण समितीने शिफारस केली म्हटल्यावर निर्णय दुसऱ्या कुणाचा तरी आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं.

पुस्तिका तपासताना माझी नजर क्रियापदांवर राहील. ‘इंडेक्स तयार केला जातो’ हे वाक्य दिसलं की लाल पेन. कोण करतो? साधन, एजंट की माणूस? कर्मणी प्रयोगाने कर्ता गिळलाय. ‘साधन शिफारस करतं, इंडेक्स लावत नाही’ असं सरळ लिहा.

‘काल्पनिक इंडेक्स’वरही खूण करा. हायपोपीजी हे पोस्टग्रेसचं विस्तारक खरा इंडेक्स न बांधता, तो असता तर प्लॅनरने (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेलं काम, कोणत्या वाटेने करायचं हे ठरवणाऱ्या भागाने) काय केलं असतं, एवढंच बघू देतं. त्याला ‘गृहीत इंडेक्स’ म्हणावं. भूमितीत आपण गृहीत धरतो, कल्पना करत नाही. (सोसायटीच्या कागदपत्रांतला ‘मानीव’ही आठवला होता, पण मानीव हस्तांतरणाने जमीन खरोखर नावावर होते. इथे काहीच होत नाही.) हा गृहीत इंडेक्स प्लॅनरचा बेत नुसता दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेला दिसतो, ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ला नाही, कारण ते क्वेरी खरोखर चालवतं. पुस्तिकेत हे नसेल तर एजंट दुसऱ्या आज्ञेने पडताळा घेईल, फरक दिसणार नाही, आणि चांगली शिफारस फेकून देईल. क्वेरी डिलीटची असेल तर ओळीही जातील.

राहता राहिला ‘एजंट’. हस्तक म्हटलं की वर्तमानपत्रातला गुप्तहेर डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यावेळी ‘अडत्या’ म्हणतात. अर्थ चपखल बसतो, पण पुस्तिकेत ‘अडत्याने इंडेक्स लावू नये’ असं छापायचं धाडस माझ्यात नाही. एजंटच राहू दे.