लॅबमध्ये नीट चालणारा फोटोअकॉस्टिक इथिलीन सेन्सर कांद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये का चुकतो?

फोटोअकॉस्टिक सेन्सरमध्ये वायू लेझरचा प्रकाश शोषून तापतो, त्यातून आवाज निघतो आणि तो मायक्रोफोन पकडतो. समजा तुमची मांडणी अशी: १०पी१४ रेषेवरचा (म्हणजे एका ठरावीक तरंगलांबीवरचा) कार्बन डायऑक्साइड लेझर, १० सेंमी लांब आणि ६ मिमी व्यासाची दोन्ही टोकं उघडी असलेली नळी. नाशिकमध्ये ३० अंशांना जुळवली, कोल्ड स्टोरेजमध्ये ० अंशांवर त्याच कॅलिब्रेशन वायूचा सिग्नल तिसऱ्या हिश्शावर आला. कांदा भरल्यावर मात्र इथिलीन भलतंच वाढलेलं दिसतं. हे दोन वेगळे दोष आहेत. लेझरला हात लावू नका.

पहिला दोष अनुनादाचा, म्हणजे ज्या वारंवारतेला नळीतला आवाज सर्वात मोठा होतो तिचा. हवा थंड झाली की ध्वनीचा वेग उतरतो आणि ही वारंवारताही. टोकांची दुरुस्ती (ध्वनी टोकांबाहेर थोडा पसरतो ती भर) धरून नळीची लांबी १०.३६ सेंमी होते. ३० अंशांना अनुनाद १६८४ हर्ट्झच्या आसपास, ० अंशांना १६०० च्या आत. अशा सेलचा, म्हणजे नळीचा, क्यू (शिखर किती टोकदार आहे याचं माप) साधारण ३० असतो, म्हणजे शिखराची रुंदी जेमतेम ५५ हर्ट्झ. चॉपर, म्हणजे लेझरचा प्रकाश ठरावीक वेगाने तोडणारी चकती, जुन्याच वारंवारतेवर फिरत राहिला तर सिग्नल पडणारच. चॉपर दर वेळी जुळवत बसण्यापेक्षा सेलला हीटर गुंडाळून तो ४० अंशांवर स्थिर ठेवा, आत येणारी हवाही तेवढीच गरम करून घ्या आणि मग एकदाच शिखर शोधा. खिडक्यांवर दव धरण्याचा त्रासही त्याने जातो. चॉपर ५० च्या पटीत, म्हणजे १६५० किंवा १७०० वर, कधीच नको. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसर आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तिथेच मायक्रोफोनमध्ये शिरते.

दुसरा दोष जास्त फसवा, कारण आकडा खरा वाटतो. कांदा श्वसन करतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. या रेषेवर त्याचं शोषण इथिलीनच्या सुमारे दहा हजारपट कमी, पण खोलीत तो ०.५ टक्क्यावर गेला की तेवढ्यानेच अंदाजे ५०० पीपीबी (अब्जात ५०० भाग) खोटं इथिलीन दिसतं. बाष्पही भर घालतं. हवा आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांमधून न्या, नंतर कॅल्शियम क्लोराइडमधून. क्रम उलटा चालत नाही, कारण पहिल्या अभिक्रियेतच पाणी तयार होतं. नळ्या टेफ्लॉनच्या घ्या, रबराच्या नकोत.

मग १०पी१६ रेषेवरही मोजा आणि दोन्ही सिग्नलना त्या त्या वेळच्या लेझर पॉवरने भागा. तिथे इथिलीनचं शोषण सुमारे सहापट कमी असतं. दुसऱ्या रेषेवर सिग्नल त्या प्रमाणात उतरला नाही, तर तुम्ही इथिलीन मोजत नाही आहात.