डेव्हिल्स पंच बोलला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

डेव्हिल्स पंच बोल म्हणजे इंग्लंडच्या सरे परगण्यातली वाडग्यासारखी मोठी दरी. सह्याद्रीत फिरलेल्यांना तिच्या कडेचा २७२ मीटरचा गिबेट हिल म्हणजे टेकाडच वाटणार. पण कडेच्या माळावरून दरीतल्या जंगलात उतरून पुन्हा वर चढताना दम लागतो. खाली ओढ्याकाठी चिखल असतो, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूटच घाला.

महिना निवडायचाच तर ऑगस्ट. हीदर नावाची बुटकी झुडपं फुलून सगळा माळ जांभळा होतो. मात्र तेव्हा नेचे कमरेएवढे वाढलेले असतात आणि त्यांत गोचिडी दबा धरून असतात. पँट मोज्यांत खोचा (ध्यान दिसतं, दिसू दे!) आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू नीट तपासा. चावल्याजागी पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरू लागला तर लगेच डॉक्टर गाठा, गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार असू शकतो.

कुत्रा सोबत असेल तर मार्च ते जुलै त्याच्या गळ्यातला पट्टा सोडू नका. नाइटजारसारखे (म्हणजे रातव्यासारखे) पक्षी तिथं जमिनीवरच अंडी घालतात.

पूर्वी ए-३ हमरस्ता याच माळावरून जायचा. २०११ मध्ये हाइंडहेडचा बोगदा सुरू झाला आणि रस्ता उखडून तिथं पुन्हा हीदर वाढू दिली. तो पट्टा घाईत ओलांडू नका.

गाडी नसेल तर लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ट्रेननं जवळचं हेझलमिअर स्टेशन गाठा. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, दरीत रेंजचा भरवसा धरू नका.