वाचक विचारतात : पहिली गाडी आमच्याच वस्तीवर का येते?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. गावाबाहेर गायरानात पारध्यांची पालं आहेत. तिथला एक मुलगा माझ्याकडे चौथीपर्यंत शिकला, पुढे आश्रमशाळेत राहून बारावी झाला. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात घरफोडी झाली. रात्री दोनच्या सुमारास पोलिसांची गाडी वस्तीवर आली आणि त्याला व त्याच्या मामाला घेऊन गेली. सकाळी ठाण्यात गेलो तर ‘चौकशीला आणलंय’ एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सोडलं. मुलाला धड बसता येत नव्हतं. मधल्या काळात मामीला कुणाकरवी निरोप आला होता, ‘दोन तोळे आणून द्या, विषय संपेल.’ मुलगा पोलीस भरतीचा अर्ज भरणार होता, आता नाव काढत नाही. चोरी कुठेही झाली तरी पहिली गाडी आमच्याच वस्तीवर का येते, असं त्यानं मला विचारलं. तेव्हा काय करायला हवं होतं? आणि आता काय करता येईल?

उत्तर : बाई, आधी त्या दोन तोळ्यांचं बोलते, कारण त्यात सगळ्यात मोठा सापळा आहे. लोकांना वाटतं ही लाच आहे. कधी ती लाचच असते, आणि तसं असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण अशा प्रकरणांत दुसरंही घडताना मी पाहिलं आहे. चोरीचा माल सापडलेला नसतो, महिनाअखेरच्या क्राइम मीटिंगला ‘डिटेक्शन किती?’, म्हणजे किती गुन्हे उघडकीस आणले, हा प्रश्न ठरलेला असतो. मग घरच्यांनी अंगावरचं विकून, व्याजानं पैसे काढून आणलेलं सोनं ‘हस्तगत मुद्देमाल’ म्हणून कागदावर येतं. पंच ठाण्याचे नेहमीचेच. घरच्यांना वाटतं पोरगं सुटलं, आणि प्रत्यक्षात त्याच्याविरुद्धचा पुरावा त्यांनीच नेऊन दिलेला असतो. मामीनं सोनं दिलं नसेल तर तिला माझा नमस्कार सांगा.

मारहाण का होते याचं उत्तरही इथंच आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून ठरलेलं आहे. पण आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम 27 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. म्हणजे कबुलीला किंमत नाही, वस्तू काढून देण्याला आहे. पट्टा चालतो तो त्यासाठी.

आता ‘चौकशीला आणलंय’बद्दल. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. संशयित आहे पण अटकेची गरज नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. बाकी उरते अटक. रात्री दोनला गाडीत घालून नेलेला माणूस उठून घरी जायला मोकळा नसतो, तेव्हा तुम्ही त्याला काहीही म्हणा, त्याचं स्वातंत्र्य गेलेलंच आहे. त्या मिनिटापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये हे लिहिलेलं आहे.

मग अटक दाखवली का नाही? कारण अटक दाखवली की कागद तयार होतात. अटकेचा मेमो होतो, त्यावर तारीख-वेळ येते, घरच्या माणसाची किंवा गावातल्या कुणा प्रतिष्ठिताची सही लागते. नातेवाईकांना कळवावं लागतं, डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि तिची प्रत त्या माणसाला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात 1996 साली घालून दिलं आणि पुढे ते कायद्यातच आलं. तुमच्या मुलाचे ते दोन दिवस मात्र कुठल्याच कागदावर नाहीत.

म्हणून माझं सांगणं एकच असतं : पोलीस लिहीत नसतील तर तुम्ही लिहा, आणि तुमचं लिहिलेलं सरकारी नोंदीत जाईल असं बघा.

त्या रात्री करण्यासारखं बरंच होतं. 112 ला फोन करून ‘अमुक वस्तीवरून दोघांना इतक्या वाजता नेलं, गाडीचा नंबर हा’ असं सांगितलं असतं तर निदान त्या फोनची नोंद झाली असती. तोच मजकूर पोलीस अधीक्षकांच्या ई-मेलवर टाकायचा. पूर्वी आम्ही लोकांना तार करायला लावायचो, तार 2013 साली बंद झाली. सकाळी तालुक्याच्या कोर्टात वकिलामार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली अर्ज करता येतो. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी वॉरंट काढायचा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला आहे, हे पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसतं. सगळे एकदम उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसला, म्हणजे ‘डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा’ या याचिकेला, धावतात. तोही मार्ग आहेच, पण तुमच्यापासून तालुका जवळ. आणि वकिलाची फी हा प्रश्न इथे येत नाही. अनुसूचित जमातीचा माणूस, स्त्री, किंवा कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा.

आता महिना लोटलाय. तरी हातातून सगळं गेलेलं नाही. सुटल्यावर तो दवाखान्यात गेला असेल तर केसपेपर जपा, कुणी फोटो काढले असतील तर ते ज्या फोनमध्ये आहेत त्याच फोनमध्ये राहू द्या. सगळ्यात आधी सीसीटीव्ही. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. दारात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांतही, आवाजासकट. चित्रण 18 महिने ठेवायचं, सोय नसेल तिथेही वर्षाच्या खाली नाही. या आठवड्यातच अधीक्षकांना आणि राज्य मानवी हक्क आयोगाला स्पीड पोस्टानं लिहा : अमुक तारखेच्या रात्री दोनपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचं चित्रण आणि स्टेशन डायरी राखून ठेवा. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर येईल कदाचित. येऊ द्या, लेखी येऊ द्या. बंद कॅमेऱ्याचा जाब ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो.

आणखी एक, मुलाचा जातीचा दाखला बघा. ‘पारधी’ म्हणून सगळे एकाच रांगेत बसत नाहीत. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपण ज्याला ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतो तो, लागू होतो. त्यात खोट्या फौजदारी कारवाईत अडकवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासाठी कलम 4 आहे. पण पाल पारधी, राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत आहेत, त्यांना तो कायदा नाही. एकाच गायरानात, शेजारशेजारच्या पालांत, एकाला संरक्षण आणि दुसऱ्याला नाही. याचं समर्थन मला कधीच करता आलेलं नाही.

आणि भरतीचा अर्ज त्याला भरायला लावा. त्याच्यावर गुन्हा दाखल नाही. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी भरून घेतात त्या अर्जात, जे विचारतील ते खरं लिहायचं. नोकरीत घडलेल्यापेक्षा लपवलेलं जास्त नडतं.

प्रश्न : मी सेवेत असलेला फौजदार आहे, नाव छापू नये. तुमच्या सदरात पोलीस नेहमी आरोपीच असतात. बंदोबस्त, सण, मोर्चे, व्हीआयपी दौरे यातून उरलेल्या वेळात आम्ही तपास करतो. घरफोडी झाली तर ज्यांच्यावर तसे गुन्हे आहेत त्यांच्याकडे आधी जाणार नाही तर कुणाकडे जाणार? रेकॉर्ड बघणं म्हणजे भेदभाव का?

उत्तर : साहेब, रेकॉर्ड जरूर बघा. फक्त ते माणसाचं असू द्या. पहिल्या पत्रातला मुलगा बारावी झालेला आहे, त्याच्यावर एकही गुन्हा नाही. त्याच्या नावाचं रेकॉर्ड कुठे होतं? रेकॉर्ड होतं ते वस्तीचं.

आणि ते रेकॉर्ड तुमच्या ठाण्याहून जुनं आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी, दाखल्याशिवाय हद्द सोडायची नाही, सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’. त्यानंतर 1959 साली सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला. त्यावर टीका पुष्कळ आहे आणि मला ती पटते, पण त्या कायद्यालासुद्धा वारंवार शिक्षा झालेला माणूस लागतो. जमात चालत नाही. म्हणजे वस्तीवर पहिली गाडी नेण्याचा आधार आज कुठल्याही कायद्यात नाही. तो आहे तो ‘आपल्याकडे असंच करतात’ यात. नवा फौजदार रुजू होतो, जुना हवालदार त्याला हद्द दाखवतो आणि गायरानाकडे बोट करून सांगतो, ‘साहेब, हे आपलं गिऱ्हाईक.’ दोघांच्याही मनात विष नसतं. तरी काम होऊन जातं.

लंडनमध्ये एप्रिल 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. सोबतचा मित्र हल्ल्यातून वाचलेला, डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार, पण पोलिसांनी त्याला पीडित म्हणून वागवलंच नाही. न्यायमूर्ती मॅकफर्सन यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 1999 मध्ये आला. चार वाईट शिपाई शोधून त्यांनी काम संपवलं नाही. लंडन पोलीस हे खातंच वर्णद्वेषाच्या सवयीनं चालतं, असं त्यांनी लिहिलं : पद्धती, गृहीतकं, न विचार करता केलेली वागणूक. तिथं रंग होता, इथं जात आणि जमात आहे. मला यात मोठा फरक दिसत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय आता तिथवर आलेलं आहे. मे 2024 मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की मागास समाजातल्या, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलीस सराईत गुन्हेगारांची ठेवतात त्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नयेत, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या सुकन्या शांता खटल्यात पोलिसांना स्पष्ट निर्देश दिले की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये. तुमच्या ठाण्यात ही परिपत्रकं आली आहेत का, हे एकदा बघा.

तपासाच्या दृष्टीनंही तोटा तुमचाच आहे. तुम्ही एकाच वस्तीवर जाता, म्हणून संशयित तिथलेच मिळतात, म्हणून नोंदी तिथल्याच वाढतात, आणि पुढचा फौजदार म्हणतो, रेकॉर्ड बघा. तोवर खरा चोर तीन दिवस पुढे गेलेला असतो. त्या वस्तीवरच्या बाईवर उद्या कुणी हात टाकला तर ती तुमच्याकडे येणार नाही. गावात रात्री अनोळखी गाडी फिरताना तिथल्या माणसानं बघितली तरी तो बोलणार नाही.

तुमच्या कामाच्या तासांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पोलीस सुधारणांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालात तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, ठाण्याच्या प्रमुखाला दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ द्या, असंही सांगितलं होतं. पोलिसांच्या बाजूचा तो भाग पोलीसच फार क्वचित बोलून दाखवतात.

प्रश्न : पोलीस तक्रार प्राधिकरणात जाण्यात अर्थ आहे का? नुसता देखावा आहे असं ऐकतो.

उत्तर : नुसता देखावा नाही, पण फार अपेक्षाही नको. प्रकाश सिंह निकालानंतर आपल्याकडे 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन राज्य आणि विभागीय पातळीवर प्राधिकरणांची तरतूद झाली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, असे विषय राज्य प्राधिकरणाकडे जातात. ते स्वतः कुणाला निलंबित करत नाही, अहवाल सरकारकडे पाठवतं. पण संबंधित अधिकाऱ्याला तिथे उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे न्यायालयात तुमच्या कामाला येतं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, नंतर ते तक्रार घेत नाहीत.

प्रश्न : ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं तर गुन्हा दाखल होतो का?

उत्तर : सरकारी गुपितांच्या कायद्याचा (ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट) धाक दाखवतात, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2022 मध्ये सांगितलं आहे की त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध स्थळा’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या प्रकरणात तसा गुन्हाच रद्द केला. तरी अंगावर जाऊ नका, हात लावू नका, कुणाला अडवू नका. नाहीतर चित्रीकरणाऐवजी सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम लागेल. आणि क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकण्याआधी वकिलाला दाखवा. फॉरवर्ड होत फिरलेली क्लिप न्यायालयात सिद्ध करणं अवघड जातं. ज्यात काढली तो फोन तसाच ठेवा, फॉरमॅट करू नका, विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्यावरूनच करावं लागतं.